परसातील कोंबड्या : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

परसात चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे या सदराकडे आली आहेत. त्यांपैकी बहुतेक पत्रांचा शेवट औषधाचे नाव विचारून होतो. खुराडे केवढे आहे, खालची गादी कोरडी आहे की ओली, कोंबड्या दिवसभरात काय खातात, याविषयी मात्र पत्रात एक ओळही नसते. या बाबी कळल्याशिवाय औषध सुचवणे म्हणजे अंदाजपंचे बोलणे होईल. म्हणून या वेळी खुराड्याविषयीचा प्रश्न सर्वांत आधी घेतला आहे.

प्रश्न : सहा कोंबड्या पाळायच्या आहेत. खुराडे किती मोठे असावे आणि ते बांधताना कोणती काळजी घ्यावी? शेजाऱ्याकडच्या खुराड्याला फार दुर्गंधी येते, तशी येऊ नये अशी इच्छा आहे.

उत्तर : दिवसा कोंबड्यांना बाहेर फिरायला जागा मिळणार असेल, तर रात्रीच्या मुक्कामासाठी प्रत्येक कोंबडीमागे साधारण 3 ते 4 चौरस फूट जागा पुरते, म्हणजे सहा कोंबड्यांना 18 ते 24 चौरस फुटांचे खुराडे हवे. त्याला लागून जाळीचे आवार करणार असाल, तर तेथे प्रत्येकीला किमान 8 ते 10 चौरस फूट मिळावेत. हे आकडे काटेकोर नाहीत, परंतु जागा कमी पडली की कोंबड्या एकमेकींची पिसे उपटू लागतात, आणि एकदा रक्त दिसले की बाकीच्या सगळ्या त्याच जखमेवर तुटून पडतात. ही खोड पुढे मोडणे अवघड असते, म्हणून आधीच दोन चौरस फूट जास्त दिलेले बरे.

खुराड्याची उंची माणसाला वाकून का होईना, पण आत शिरता येईल एवढी ठेवावी. ज्या खुराड्यात हात पोहोचत नाही, ते कधीच नीट साफ होत नाही. रात्री बसण्यासाठी आडव्या दांड्या लावाव्यात. प्रत्येक कोंबडीला 20 ते 25 सेंटिमीटर लांबीची जागा धरावी. दांडी सुमारे 4 ते 5 सेंटिमीटर जाड आणि कडा घासून गोल केलेली असावी. अंडी घालण्याची खोकी 30 सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच असावीत; सहा कोंबड्यांना दोन खोकी पुरतात. खोकी दांडीपेक्षा खालच्या पातळीवर ठेवावीत, कारण कोंबड्यांना रात्री उंचावर झोपणे आवडते आणि खोकी उंच असली तर त्या तेथेच झोपून ती विष्ठेने भरवतात.

दुर्गंधीचे मूळ विष्ठेत नसून ओलाव्यात असते. ओल्या विष्ठेतून अमोनिया वायू सुटतो आणि तो नाकाडोळ्यांची आतली त्वचा सोलवटून श्वसनरोगांना वाट करून देतो. आपण उभ्याने आत डोकावतो तेव्हा तो जाणवतही नाही. पहाटे खुराडे उघडताच गुडघ्यांवर बसावे, कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर नाक न्यावे आणि दोन श्वास घ्यावेत. डोळे चुरचुरले तर हवा अपुरी आहे असे समजावे. त्यासाठी झरोके छपराच्या लगत, दांडीवर बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्यापेक्षा वर ठेवावेत, म्हणजे दमट हवा वरून निघून जाते आणि झोपलेल्या पाखरांच्या अंगावर थेट वारा येत नाही. थंडी वाजेल या भीतीने सगळी भोके बुजवून टाकणारे पुष्कळ जण असतात. कोरडी थंडी कोंबडी सहज सोसते, कोंदट दमटपणा मात्र तिला आजारी पाडतो.

जमिनीवर भाताचे तूस, लाकडाचा भुसा किंवा बारीक केलेला पेंढा यांची 5 ते 10 सेंटिमीटर जाडीची गादी अंथरावी आणि ती दर दोन-तीन दिवसांनी वरखाली करावी. गादीची परीक्षा सोपी आहे : मूठभर घेऊन घट्ट दाबावी आणि मूठ उघडावी. मोकळी होऊन बोटांतून गळाली तर ठीक. गोळा तसाच राहिला तर ती ओली आहे, तेवढा भाग काढून नवे तूस टाकावे. पाण्याच्या भांड्याभोवतीची गादी नेहमी आधी भिजते, म्हणून भांडे विटेवर ठेवावे. त्याची कड कोंबडीच्या पाठीच्या पातळीला आली म्हणजे सांडलवंड पुष्कळ कमी होते.

राहिला प्रश्न शिकारी प्राण्यांचा. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडी आत ठेवते, पण मांजर किंवा मुंगूस बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी वापरावी आणि तिचा फूटभर पट्टा बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरून त्यावर माती लोटावी. उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी लगत उकरायला लागतो, तेथे त्याच्या पंज्याला जाळी लागते आणि तो नाद सोडतो.

प्रश्न : आमच्या कोंबड्यांना रोज भरपूर धान्य आणि घरातील उरलेसुरले अन्न मिळते. त्या चांगल्या गुबगुबीत आहेत, पण अंडी कमी देतात आणि कवच इतके पातळ असते की खोक्यातच फुटते. कॅल्शियमचे कोणते औषध द्यावे?

उत्तर : आपल्या कोंबड्या गुबगुबीत आहेत, यातच बरेचसे उत्तर आले. अंड्यावरील कोंबडी दिवसाला सुमारे 100 ते 120 ग्रॅम खाद्य खाते. एवढ्या खाद्यातून तिला स्वतःचे शरीर चालवून अंडे घडवायचे असते आणि त्यासाठी खाद्यात 16 ते 17 टक्के प्रथिने आणि साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागते. धान्यात प्रथिने साधारण 8 ते 12 टक्केच असतात आणि कॅल्शियम तर नगण्य. पोट धान्याने भरले की कोंबडी संतुलित खाद्याकडे वळत नाही. चरबी वाढत जाते आणि अंडी कमी होतात.

एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असते. ते खाद्यातून मिळाले नाही, तर कोंबडी आपल्या हाडांतून ते काढून देते. पातळ कवचाची अंडी दिसू लागेपर्यंत हाडांतील साठा बराच खर्ची पडलेला असतो. तेव्हा औषधाच्या बाटलीऐवजी मूळ खाद्य बदलावे. अंड्यावरील कोंबड्यांसाठी मिळणारे तयार खाद्य दिवसभर समोर असू द्यावे, धान्य फक्त संध्याकाळी मूठभर टाकावे आणि घरातील अन्न एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त होऊ देऊ नये. याशिवाय शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. तो खाद्यात मिसळू नये. जिला गरज असते ती कोंबडी स्वतःहून खाते, विशेषतः संध्याकाळी, कारण कवच चढण्याचे काम मुख्यतः रात्री चालते. एक अंडे तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात आणि त्यांतील 20 तासांच्या आसपासचा काळ कवचासाठीच जातो.

शिंपल्यांचा चुरा आणि बारीक खडे ही एकच गोष्ट आहे असे अनेकांना वाटते. खडे पोटातील दळण्याच्या पिशवीत राहून दाणे भरडतात, ते विरघळत नाहीत. शिंपले विरघळून रक्तात जातात. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या खडे स्वतः वेचतात, सतत बंदिस्त असणाऱ्यांना ते द्यावे लागतात. आणखी एक इशारा महत्त्वाचा आहे : अंड्यावरील कोंबड्यांचे खाद्य पिलांना किंवा अंड्यावर न आलेल्या तलंगांना देऊ नये. त्यातील जास्तीच्या कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात. लहानमोठी पाखरे एकत्र असतील, तर सर्वांना वाढीचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा बाजूला ठेवावा.

घरातील अन्नापैकी खारट पदार्थ, चॉकलेट, अॅव्होकॅडो, हिरवट पडलेले बटाटे आणि कच्ची कडधान्ये देऊ नयेत. बुरशी आलेले धान्य तर अजिबात नको. “माणसाला चालणार नाही, कोंबडीला चालेल” या समजुतीने टाकलेल्या बुरशीच्या धान्यातील विषाने यकृत निकामी होते आणि त्यावर उतारा नाही.

प्रश्न : कोंबडा नसेल तर कोंबड्या अंडी देतात का?

उत्तर : देतात, आणि तितकीच देतात. फक्त त्या अंड्यांतून पिले निघत नाहीत. पिले हवी असतील, तर आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे.

प्रश्न : पंधरा पिले आणली होती. तीन आठवडे छान वाढली, चौथ्या आठवड्यात काही पिले पिसे फुलवून कोपऱ्यात बसू लागली, विष्ठेत रक्त दिसले आणि तीन दगावली. हगवणीचे औषध दिले, उपयोग झाला नाही.

उत्तर : आपण वर्णन केलेली लक्षणे आणि पिलांचे वय पाहता ही रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. तीन ते आठ आठवड्यांच्या पिलांना हा रोग प्रामुख्याने होतो. तो आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होत असल्याने जिवाणूंवरील सर्वसाधारण औषधाचा त्यावर परिणाम झाला नाही, यात नवल नाही. यासाठी बहुधा अॅम्प्रोलियम हे औषध पिण्याच्या पाण्यातून देतात. मात्रा वेष्टनावर असते, तरी एखाद्या पिलाची ताजी विष्ठा पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घेऊन, तेथे सांगतील त्या प्रमाणात आणि तितके दिवस ते द्यावे. औषध चालू असताना दुसरे साधे पाणी पिलांना मिळता कामा नये, तसेच शक्तिवर्धक म्हणून ‘ब’ जीवनसत्त्वाचे द्रावणही त्या दिवसांत देऊ नये. अॅम्प्रोलियम हे परजीवीला ‘ब१’ जीवनसत्त्व मिळू न देऊनच काम करते. आपण ते वरून ओतले तर औषध वाया जाते.

आता औषधापलीकडचे. आजारी पिलाच्या विष्ठेतून या परजीवीची अंडकोष्ठे बाहेर पडतात. ती बाहेर पडताक्षणी रोगकारक नसतात. ऊब आणि ओल मिळाली तर एक-दोन दिवसांत तशी होतात. म्हणजे गादी कोरडी राहिली, तर रोगाची साखळी तेथेच तुटते. आपली पिले पहिल्या दिवसापासून त्याच जागेत असतील, चौथ्या आठवड्यापर्यंत ती जागा अपुरी पडू लागली असेल आणि पाण्याच्या भांड्यात ती पाय घालत असतील, तर रोग का आला हे वेगळे सांगायला नको. आजची सगळी गादी काढून दूर टाकावी, भांडी गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावीत आणि पिलांना दुप्पट जागा द्यावी.

पुढच्या खेपेसाठी उबेविषयीही लिहितो, कारण गारठलेली पिले कमजोर होऊन रोगाला लवकर बळी पडतात. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली सुमारे 35 अंश सेल्सिअस तापमान ठेवावे आणि नंतर दर आठवड्याला साधारण 3 अंशांनी ते उतरवावे. तापमापक नसला तरी अडत नाही. पिले दिव्याखाली एकावर एक चढून चिवचिवत असतील, तर त्यांना थंडी वाजते आहे. कडेला पसरून, पंख सैल सोडून चोची उघड्या ठेवत असतील, तर उष्णता जास्त झाली आहे. सर्वत्र विखुरलेली, काही खाणारी आणि काही पाय ताणून झोपलेली पिले दिसली म्हणजे दिवा योग्य उंचीवर आहे. दिवा दोरीऐवजी साखळीने पक्का टांगावा. तुसावर पडलेला दिवा आग लावतो.

प्रश्न : कोंबड्या अचानक रात्री खुराड्यात शिरेनाशा झाल्या आहेत, झाडावर बसतात. तुरे फिकट पडले आहेत. दिवसा अंगावर उवा शोधल्या, एकही सापडली नाही.

उत्तर : दिवसा शोधल्यामुळेच सापडले नसावे. लाल पिसवा नावाची कोळ्याच्या कुळातील बारीक कीड दिवसा दांड्यांच्या सांध्यांत, लाकडाच्या भेगांत लपून राहते आणि रात्री बाहेर येऊन झोपलेल्या कोंबडीचे रक्त पिते. तुरे फिकट पडणे हे रक्त कमी झाल्याचे लक्षण आहे आणि खुराड्यात जाण्याचे टाळणे हा कोंबड्यांचा शहाणपणा आहे. अंधार पडल्यावर दोन तासांनी विजेरी घेऊन जावे आणि पांढरा कागद दांडीच्या खालच्या बाजूने दाबून ओढावा. कागदावर तांबड्या रेघा उमटल्या तर निदान पक्के झाले. दिवसा पाहिले तर दांडीच्या टोकाशी राखेसारखी करडी पूड जमलेली दिसते, ती त्यांचीच.

केवळ कोंबड्यांवर औषध मारून ही कीड जात नाही, खुराड्यावर उपचार करावा लागतो. दांड्या काढाव्यात, गादी पूर्ण काढून जाळावी किंवा लांब पुरावी, सांध्यांत उकळते पाणी ओतावे, वाळल्यावर पशुवैद्यकाने सांगितलेले कीटकनाशक भेगाभेगांत पोहोचेल असे फवारावे, आणि सात दिवसांच्या आसपास तेच सर्व पुन्हा करावे. उबदार हवेत या किडीची नवी पिढी आठवड्याभरात तयार होते. दुसरी फवारणी टाळणाऱ्याची पहिलीही फुकट जाते. नुसते खुराडे रिकामे ठेवण्याचा उपाय करू नये, ही कीड उपाशीपोटी कित्येक महिने जगते. कोंबड्यांना लोळण्यासाठी कोरडी माती आणि लाकडाची राख यांचा एक उथळ खड्डा छपराखाली करून द्यावा. अंगावरच राहणाऱ्या उवांचा बंदोबस्त त्या तेथे बऱ्याच अंशी स्वतःच करतात.

पायांवरील खवले वर उचलले जाऊन पाय खडबडीत दिसत असतील, तर ती दुसरी कीड आहे. पाय कोमट साबणपाण्याने धुऊन व्हॅसलीनचा जाड थर काही आठवडे नियमाने लावला की ती गुदमरून मरते. खवले ओरबाडून काढू नयेत.

प्रश्न : एक कोंबडी सकाळपासून शेपटी खाली टाकून ताठ उभी आहे, सारखी खोक्यात जाऊन येते, जोर करते, पण अंडे पडत नाही.

उत्तर : अंडे अडकले असावे. पोटाखाली हळुवार हात लावल्यास मागच्या बाजूला कठीण गोळा लागेल. कोंबडीला कोमट पाण्याच्या टबात पोटापर्यंत बुडेल अशी वीसेक मिनिटे बसवावी, कोरडी करून उबदार, अंधाऱ्या, शांत जागी ठेवावी आणि मलमार्गाच्या कडेला थोडे खाद्यतेल किंवा व्हॅसलीन लावावे. पुष्कळदा तासाभरात अंडे पडते. बाहेरून दाबून ते काढण्याचा प्रयत्न करू नये, आत फुटले तर जंतुसंसर्ग होऊन कोंबडी दगावते. संध्याकाळपर्यंत सुटका झाली नाही, तर उद्याची वाट न पाहता पशुवैद्यकाकडे न्यावी. असे वारंवार होत असेल, तर वर खाद्याविषयी लिहिलेले पुन्हा वाचावे. चरबी आणि कॅल्शियमची कमतरता ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

प्रश्न : बाजारातून दोन नव्या कोंबड्या आणून सोडल्यानंतर आठवड्यात सगळ्याच शिंकू लागल्या. डोळ्यांत फेस येतो. घरात शिल्लक असलेली प्रतिजैविकाची पूड पाण्यातून दिली, दोन दिवस बरे वाटले आणि पुन्हा तेच. ही मानमोडी आहे का?

उत्तर : डोळ्यांत फेस, शिंका आणि रेंगाळणारा आजार ही लक्षणे मायकोप्लाझ्मा या जिवाणूमुळे होणाऱ्या जुनाट सर्दीशी जास्त जुळतात. मानमोडी, म्हणजे रानीखेत, हा विषाणुजन्य रोग आहे. त्यात हिरवट हगवण, धाप, मान पिळवटणे, पंख-पाय लुळे पडणे अशी लक्षणे झपाट्याने येतात आणि मरही मोठी असते. तरीही पत्रावरून निदान करणे योग्य नाही. एक पाखरू तपासून घ्यावे.

शिल्लक पूड देण्याविषयी स्पष्टच लिहायला हवे. अर्ध्या मात्रेत, दोन दिवस दिलेल्या प्रतिजैविकाने रोग जात नाही, मात्र औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. शिवाय त्या काळातील अंड्यांत औषधाचे अंश उतरतात. प्रत्येक औषधानंतर अंडी किती दिवस खायची नाहीत, हे पशुवैद्यकाला विचारून घ्यावे आणि तेवढे दिवस ती टाकून द्यावीत. मायकोप्लाझ्मातून बरी झालेली कोंबडी पुढेही जंतू बाळगून असते आणि तो अंड्यांवाटे पिलांतही उतरतो, म्हणून या कळपातील अंडी उबवायला ठेवू नयेत आणि यांतील कोंबड्या दुसऱ्याला देऊ नयेत.

नवे पाखरू कितीही टवटवीत दिसले तरी ते तीन ते चार आठवडे वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यांसह ठेवावे. रोज आधी जुन्या कोंबड्यांचे सगळे आवरावे, मग नव्यांकडे जावे आणि परतताना हात धुऊन चपला बदलाव्यात. मानमोडीवर उपचार नाही, लस आहे. पहिला डोस पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब घालून देतात आणि पुढचे डोस पशुवैद्यक ठरवून देतात. लस दवाखान्यापासून घरापर्यंत बर्फातच आणावी, कालवल्यावर लगेच संपवावी आणि आजारी पाखरांना देऊ नये. उन्हातून पिशवीत आणलेली लस टोचूनही रोग आल्याच्या तक्रारी येतात, त्यांत दोष लशीचा नसतो. एकाच वेळी अनेक कोंबड्या अचानक मेल्या, तुरे निळे पडले, डोकी सुजली, तर मेलेली पाखरे उघड्या हातांनी न हाताळता ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. बर्ड फ्लूची शंका तेथेच निस्तरता येते.

प्रश्न : चांगली अंडी देणारी कोंबडी खुडूक बसली आहे. तिला पाण्यात बुडवावे का?

उत्तर : बुडवू नये. पिले हवी असतील तर तिच्याखाली फलित अंडी ठेवावीत, 21 दिवसांत पिले निघतील. नको असतील तर तळाला जाळी असलेल्या, जमिनीपासून उंच ठेवलेल्या पिंजऱ्यात तिला खाद्य-पाण्यासह तीन-चार दिवस ठेवावे. पोटाखालून हवा खेळत राहिली की खुडूकपणा उतरतो. त्याआधी खोक्यातील अंडी दिवसातून दोनदा उचलण्याची सवय लावून घ्यावी, कारण साठलेली अंडी पाहून दुसरीही बसू लागते.

प्रश्न : दीड वर्षाच्या कोंबडीची पिसे भराभर गळत आहेत आणि अंडी थांबली आहेत. अंगावर कीड नाही, खाणे व्यवस्थित आहे.

उत्तर : ती पिसे बदलते आहे. यात साधारण दोन-तीन महिने जातात आणि त्या काळात अंडी थांबणे स्वाभाविक आहे. पिसे प्रथिनांचीच बनलेली असल्याने या दिवसांत धान्य आणखी कमी करावे आणि तिला फार उचलू नये, नवी फुटणारी पिसे दुखरी असतात.

प्रश्न : अंडी धुऊन ठेवावीत की न धुता?

उत्तर : कवचावर एक नैसर्गिक पातळ लेप असतो आणि त्यामुळे कवचाची छिद्रे बुजलेली राहतात. धुतल्यावर तो निघून जातो, म्हणून साठवायची अंडी धुऊ नयेत, किंचित मळकट असतील तर कोरड्या फडक्याने पुसावीत. फारच बरबटलेले अंडे अंड्यापेक्षा थोड्या अधिक गरम पाण्याने धुऊन त्याच दिवशी पूर्ण शिजवून खावे. गार पाण्याने धुतल्यास आतील द्रव आकसून बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. रोजच अंडी बरबटलेली मिळत असतील, तर खोक्यातील पेंढा बदलावा आणि रात्री तेथे कोण झोपते ते पाहावे.